ओबी व्हॅन ते पीसीआर: नागपूरच्या थेट प्रक्षेपणामागचे हात

मराठी वृत्तवाहिन्यांवर नागपूर सर्वांत जास्त दिसते ते हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यापासून, काही अपवाद वगळता, ते इथे भरत आले आहे. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत मात्र हिवाळी अधिवेशन मुंबईतच उरकावे लागले. मंत्री, सचिव आणि फायलींचे गठ्ठे यांच्या पाठोपाठ सिव्हिल लाइन्समध्ये आणखी एक वसाहत उतरते, ती वाहिन्यांच्या ओबी व्हॅनची, म्हणजे बाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या गाड्यांची. घरबसल्या दिसतो तो हातात बूम धरलेला प्रतिनिधी आणि स्टुडिओतला निवेदक. या दोघांच्या मधल्या जागेत आठ-दहा जणांचे हात लागतात. दीड मिनिटाची ‘लाइव्ह’ बातमी खऱ्या अर्थाने त्यांचीच असते, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव पडद्यावर येत नाही.

साखळीची पहिली कडी कॅमेरामन. अधिवेशनाच्या काळात त्याचा दिवस सभागृहापेक्षा रस्त्यावर अधिक जातो. यशवंत स्टेडियमकडून निघालेले मोर्चे टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवले जातात, आणि कॅमेरे तिथे आधीपासून उभे असतात. डिसेंबरचे ऊन तिरपे पडते, चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी दिसते. म्हणून उभे राहण्याची जागा निवडणे हेच निम्मे काम. पांढरा कागद समोर धरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, घोषणांचा नैसर्गिक आवाज स्वतंत्रपणे टिपायचा, पुढे संकलनात जोड लपवता यावी म्हणून हातांचे, फलकांचे, चपलांचे दोन-चार कट-वे घ्यायचे. याहून मोठा निर्णय चौकटीचा असतो. तीस माणसे जवळून दाटीवाटीने टिपली तर पडद्यावर प्रचंड मोर्चा दिसतो. तीच माणसे उंचावरून रुंद चौकटीत घेतली तर रिकामा रस्ता दिसतो. या दोन्ही चित्रांत खोटे काहीच नसते. त्यातले कोणते आधी दाखवायचे हे ठरवायला कॅमेरामनला काही सेकंद मिळतात, आणि मोर्चाची ताकद लोकांच्या मनात त्या सेकंदांत ठरते. पत्रकारितेच्या चर्चेत संपादकाच्या जबाबदारीवर पुष्कळ बोलले जाते. या जबाबदारीवर फार कमी.

याच परिसरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी मराठीत चोवीस तास बातम्या देणारी एकही वाहिनी नव्हती. अशा वाहिन्या २००७ पासून सुरू झाल्या. आज टी पॉइंटवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यांकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

आवाजाचे काम चित्राहून अवघड आहे. चित्र थोडे हलले तरी प्रेक्षक बसून राहतो. आवाज तुटला की तो वाहिनी बदलतो. मोर्चातल्या भोंग्यांच्या गोंगाटात प्रतिनिधीचे बोलणे वेगळे काढण्यासाठी माईक तोंडाजवळ धरावा लागतो, निवांत मुलाखतीसाठी कॉलरला लावायचा लेपल चालतो. प्रतिनिधीच्या कानात जी नळी दिसते तिला आयएफबी म्हणतात. तिच्यातून त्याला स्टुडिओतले सारे ऐकू येते, फक्त स्वतःचा आवाज येत नाही, आणि तो मुद्दाम वगळलेला असतो. उपग्रहावरून फिरून उशिरा परत आलेला आपलाच आवाज कानात पडू लागला तर कसलेला वक्ताही दोन वाक्यांत अडखळतो. म्हणून स्टुडिओतल्या ध्वनितंत्रज्ञाला प्रत्येक प्रतिनिधीसाठी त्याचा आवाज वजा केलेले वेगळे मिश्रण तयार करावे लागते. एका वेळी चार ठिकाणांहून चर्चा चालू असेल तर अशी चार मिश्रणे सांभाळायची असतात.

ओबी व्हॅनमधला अभियंता सर्वांआधी पोहोचतो आणि सर्वांनंतर निघतो. दूरसंचाराचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीनेच फिरत असल्याने आकाशात एका जागी स्थिर भासतात. भारताच्या उपग्रहांच्या ७४, ८३ आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर जागा आहेत, आणि नागपूर साधारण ७९ अंशांवर आहे. ८३ अंशांवरच्या उपग्रहासाठी इथली डिश जवळजवळ थेट दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर धरावी लागते. सिव्हिल लाइन्समध्ये जुनी, मोठी झाडे आहेत. त्यामुळे गाडी कुठे लावायची हे पोलिसांच्या परवानगीइतकेच गाडीच्या दक्षिणेला झाड आहे की नाही यावर ठरते. डिश उपग्रहावर नेमकी बसली की अभियंता लगेच प्रक्षेपण सुरू करत नाही. आधी नियंत्रण केंद्राला फोन, मग कमी शक्तीचा कोरा संकेत. शेजारच्या वारंवारितेवर किंवा उलट ध्रुवणावर चाललेल्या दुसऱ्या कोणाच्या प्रक्षेपणात तो घुसत नाही ना याची खात्री झाली, की शक्ती वाढवायची. यात घाई केली तर दुसऱ्याच वाहिनीचे चित्र बिघडते.

संकेताला वर जाऊन खाली यायला ७१,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही त्याला साधारण पाव सेकंद लागतो. चित्र आकुंचित करून पाठवणे आणि पलीकडे ते पुन्हा उलगडणे यात आणखी वेळ जातो. निवेदकाने प्रश्न विचारल्यावर नागपूरचा प्रतिनिधी क्षणभर मान हलवत गप्प उभा दिसतो तो यामुळेच. प्रश्न त्याला समजलेला नसतो असे नाही.

हा संकेत उपग्रहाकडे नेणाऱ्या कु-बँडच्या लहरींना पावसाचे वावडे आहे. थेंब लहरी शोषतात आणि चित्राचे चौकोन होऊ लागतात. हिवाळी अधिवेशनात हा प्रश्न सहसा येत नाही, पण २०१८ चे पावसाळी अधिवेशन नागपुरात भरले आणि ६ जुलैला मुसळधार पावसाचे पाणी विधानभवनाच्या वीजखोलीत शिरून दिवे गेले, कामकाज थांबवावे लागले. असे काही घडते त्या दिवशी बातमी सर्वांत मोठी असते आणि ती पाठवण्याची साधने सर्वांत दुबळी. तेव्हा स्वतःचा जनरेटर, जास्तीची केबल आणि संकेताची शक्ती किती वाढवता येईल याचा अंदाज एवढ्यावर अभियंत्याची मदार असते. आता अनेक मोबाइल कंपन्यांची सिमकार्डे एकत्र बांधून चित्र पाठवणारी पाठीवरची पेटी आली आहे. ती स्वस्त आणि सुटसुटीत आहे, झाडांची अडचण तिला नाही. मात्र हजारो लोकांचे मोबाइल एकाच चौकात चालू झाले की नेटवर्क गुदमरते, आणि मोर्चात नेमके तेच होते. म्हणून मोठ्या दिवशी डिशची गाडी अजून लागते.

हे चित्र पोहोचते पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओशेजारच्या नियंत्रण कक्षात. समोर भिंतभर पडदे, एकेका पडद्यावर एकेक फीड. पॅनेल प्रोड्यूसर रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, पाहून पुढचे चित्र सांगतो, स्विचर बटण दाबतो, कोणी टेलिप्रॉम्प्टर सरकवतो. निवेदकाच्या कानात सेकंदांची उलटी मोजणी चालू असते, आणि ती ऐकतच त्याला वाक्य पुरे करावे लागते. प्रोड्यूसरला एक कान टॉकबॅकवर, म्हणजे सहकाऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यावर, आणि दुसरा प्रक्षेपणावर ठेवून पुढच्या वीस सेकंदांचा विचार करावा लागतो. अधिवेशनात दोन्ही सभागृहे, पायऱ्यांवरचे आंदोलन आणि रस्त्यावरचा मोर्चा एकाच वेळी तापतात, तेव्हा काय दाखवायचे याइतकेच काय सोडायचे हेही त्याला ठरवावे लागते.

ग्राफिक्स ऑपरेटरचे काम किरकोळ समजले जाते. ते तसे नाही. वर्धा जिल्ह्यातली आर्वी आणि यवतमाळ जिल्ह्यातली आर्णी यांच्यात एका अक्षराचा फरक आहे. वर्ध्यातली देवळी आणि गोंदियातली देवरी यांच्यातही तसाच. ब्रेकिंगच्या घाईत पट्टीवर एक अक्षर चुकले की अपघात शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या गावी जाऊन पोहोचतो, आणि तिथल्या घराघरांत फोन वाजू लागतात. विदर्भाची नावे कानाने ओळखणारा माणूस त्या खुर्चीत असणे म्हणून महत्त्वाचे. अडचण अशी की ही खुर्ची नागपुरात नाही. २००० साली सुरू झालेल्या ईटीव्ही मराठीचे डेस्क हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होते. महाराष्ट्रातून गेलेली तरुण मंडळी तिथे राहून मराठी बातम्या काढत. पुढच्या वृत्तवाहिन्यांची मुख्य केंद्रे मुंबई परिसरात उभी राहिली. चित्र नागपूरचे, पण त्यावरचा शेवटचा हात दुसऱ्या शहराचा, ही रचना कायम राहिली. विदर्भाच्या बातमीत वऱ्हाडी किंवा झाडीपट्टीचा माणूस जे बोलतो ते कापताना त्याचा नेमका अर्थ सुटतो, याचे एक कारण या अंतरात आहे.

नागपूरला चित्रनिर्मितीची स्वतःची परंपरा नाही असे मात्र नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दूरचित्रवाणीचा विभाग आला आणि दूरदर्शनचे निर्माते, कॅमेरामन, फ्लोअर मॅनेजर तिथे तयार होऊ लागले. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी निघालेल्या इन्सॅट-१बीने ते काम निभावले. या उपग्रहांवरून खेड्यांसाठी कार्यक्रम देणारी जी ‘उपग्रह दूरदर्शन केंद्रे’ उभी राहिली, त्यांतले एक नागपूरचे. सेमिनरी हिल्सवरच्या या केंद्राने विदर्भाला कामांची एक शिस्त शिकवली: निर्माता, दिवे लावणारा, नेपथ्याचा सुतार, रंगभूषाकार, कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांशी जुळवणारा सीसीयू अभियंता. सर्वांत नाजूक काम फ्लोअर मॅनेजरचे. माईक चालू असल्याने त्याला बोलता येत नाही. ‘लांबव’, ‘आवर’, ‘अर्धा मिनिट’ हे सगळे हातांनी सांगायचे. संत्र्याच्या बागेवर बोलायला आलेला शेतकरी आयुष्यात पहिल्यांदा प्रखर दिव्यांखाली बसतो. त्याला पाणी देणे, दोन शब्द बोलून मोकळे करणे आणि लाल दिव्याकडे पाहू नका असे समजावणे हेही फ्लोअर मॅनेजरकडेच. तो शेतकरी पडद्यावर सहज बोलला तर श्रेय मुलाखतकाराला मिळते.

क्रिकेटमध्ये ही साखळी कितीतरी लांबते. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सदरच्या व्हीसीए मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड तिघेही त्रिफळाचीत. त्याच सामन्यात सुनील गावसकरने एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक केले. त्या काळात भारतातल्या सामन्यांचे प्रक्षेपण म्हणजे दूरदर्शनच. पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही असा निर्णय दिला, आणि खासगी निर्मितिसंस्थांचा मार्ग मोकळा झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये वर्धा मार्गावरच्या जामठा मैदानावर पहिली कसोटी झाली, तोवर रिप्ले ऑपरेटर हा प्रक्षेपणाचा कणा बनला होता. प्रत्येक चेंडूनंतर चार-सहा कोनांतला नेमका क्षण काढून प्रक्षेपणाच्या दिग्दर्शकाला सांगायचा, तोही गोलंदाज परत वळण्याच्या आत. पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी आल्यावर या माणसाचे बोट खेळाच्या निकालापर्यंत पोहोचले, कारण तिसऱ्या पंचाला दिसते ते त्याने काढून दिलेले चित्र. ही तज्ज्ञ मंडळी मालिकेबरोबर गावोगाव फिरतात. स्थानिकांच्या वाट्याला येतात मचाण बांधणे, जनरेटर, केबल ओढणे आणि धावपळ करणारा ‘रनर’.

साखळीचे शेवटचे टोक खांबावर चढलेला केबलवाला. डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ या मुदतीच्या ३८ शहरांत नागपूर होते. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि तार जोडणारा माणूस कार्ड चालू करणारा, रिमोट समजावणारा, तक्रार ऐकणारा झाला.

यातली बहुतेक माणसे कंत्राटावर असतात, दिवसावर किंवा कामावर. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांतला स्ट्रिंगर स्वतःच चित्रीकरण करतो, स्वतःच बाईट घेतो, फाइल पाठवतो, आणि मानधन बातमी लागली तरच. जंगलातल्या घटनास्थळी पहिला पोहोचणारा तोच, आणि विमा नसणाराही बहुधा तोच. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता. वाहिनीत काम करणाऱ्याला त्याचे संरक्षण नव्हते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यम आणले आणि दृक्‌श्राव्य निर्मितीतल्या तंत्रज्ञांचीही व्याख्या केली. नेमणुकीचे पत्रच नसलेल्या माणसाने त्या व्याख्येत बसायचे कसे, हा प्रश्न मात्र उरतो, आणि तो तातडीचा आहे.

उरले चित्रफितींच्या ग्रंथालयाचे काम. प्रक्षेपण संपल्यावर चित्रफितीची नोंद करणारा माणूस तारीख, ठिकाण, चेहरे आणि प्रत्येक दृश्याचे वर्णन लिहितो. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला कपिल देवने काढलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रण मिळत नाही, कारण त्या सामन्याला कॅमेराच नव्हता. नागपूरची हॅट्‌ट्रिक पाहता येते. मात्र १९८० च्या दशकातल्या यू-मॅटिक फितींची चुंबकीय पूड सुटत जाते आणि त्या चालवणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. अशी बिघडलेली फीत डिजिटल रूपात उतरवण्याआधी ती कमी तापमानावर तापवून कोरडी करावी लागते, आणि पुष्कळदा ती एकदाच नीट चालते. त्या एका वेळेत कोणत्या फिती घ्यायच्या हे त्या नोंदवहीवरूनच ठरते. ज्या डब्यावर नुसते ‘नागपूर, मोर्चा’ लिहिले आहे, तो मागे राहतो.