जुन्या भिंती आणि नवा संसार

पणजीच्या आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी वसलेले फोंताइन्हास पाहावयास येणारा प्रवासी बहुधा निळ्यापिवळ्या भिंतींची छायाचित्रे घेऊन परततो. त्या भिंतींमागे नांदणाऱ्या कुटुंबांची अडचण छायाचित्रात उतरत नाही. १८ व्या शतकाच्या अखेरीस आकारास येऊ लागलेली ही वस्ती १८४३ साली पणजी राजधानी झाल्यानंतर भरास आली. एकाच्या भिंतीस दुसऱ्याची भिंत, समोर चिंचोळा रस्ता आणि मागे जेमतेम परसू, अशी येथील अनेक लहान घरांची मांडणी आहे. अशा घरात आज वृद्ध आईवडील, नोकरदार पतिपत्नी आणि शिकणारी मुले यांना एकत्र राहावयाचे असते. घर वाढवावयाचे खरे, पण कोणीकडे?

सहज सुचणारा उपाय म्हणजे कौले उतरवून सिमेंटचा स्लॅब टाकणे आणि त्यावर मजला चढविणे. नेमका हाच उपाय घातक ठरतो. चुन्यात बांधलेली जांभ्या दगडाची भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि पुढे ती हळूहळू बाहेर टाकते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा व्यवहार चालू राहणे अगत्याचे असते. वरून सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, पोपडे उडतात आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके कुजू लागतात. स्लॅबमधील लोखंड खाऱ्या हवेने गंजते ते निराळेच. शिवाय सामाईक भिंतीवर टाकलेला भार शेजाऱ्यासही भोगावा लागतो.

शहाणपणाची वाट याहून साधी आहे. दर्शनी भिंत, सज्जा आणि छपराचा उतार यांना धक्का लावू नये. वाढ करावयाची ती मागील परसात, स्वतंत्र पायावर. स्वयंपाकघर व स्नानगृह तेथे लगत घेतल्यास नळांची ओल सामाईक भिंतीपासून दूर राहते. परसाचा काही भाग मात्र उघडाच ठेवला पाहिजे. कारण दोन्ही अंगांनी बंद असलेल्या घरास उजेड आणि वारा पुढून व मागूनच मिळावयाचा. तुळईचे टोक कुजले असेल तर तेवढेच कापून नवे लाकूड जोडता येते. त्यासाठी सारे छप्पर उतरविण्याचे कारण नाही.

परंतु एवढ्या जाणतेपणाने प्रश्न सुटत नाही. गोव्याच्या वारसा कायद्याने मुलामुलींना समान हिस्सा मिळतो. हे न्याय्यच आहे. तथापि एका लहानशा घराचे मालक अनेक, त्यांतील काही मुंबईत तर काही लिस्बनमध्ये, अशी स्थिती त्यातून उद्भवते. सर्वांच्या सह्या गोळा होईपर्यंत गळके छप्पर थांबत नाही. मग दुरुस्तीपेक्षा विक्री सोपी वाटू लागते आणि घराचे उपाहारगृह अथवा अतिथिगृह होते. भिंत वाचते, शेजार संपतो.

जतनाचे नियम बाह्य रूपाविषयी कठोर असावेत, यात दुमत नाही. आतील सोयींविषयी मात्र ते उदार असले पाहिजेत. परवानगीस ठरावीक मुदत असावी आणि चुना, लाकूड व कसबी गवंडी यांच्यापायी येणाऱ्या जादा खर्चाचा काही वाटा शासनाने उचलावा. ज्या घराचे सौंदर्य साऱ्या शहराचे भूषण म्हणून मिरविले जाते, त्याचा संपूर्ण बोजा एखाद्या कारकुनाच्या पगारावर टाकणे उचित नव्हे. शिकणाऱ्या मुलास उजेडात बसावयास जेथे जागा नाही, ते घर केवळ नियमांच्या बळावर फार काळ नांदते राहणार नाही.