अनुभव दांडगा, पुरावा तोकडा

झुरिकमधल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना एलएसडी देऊन गाणी ऐकवली आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. काही गाणी त्या माणसांची जिवाभावाची होती, तर काही त्यांच्या लेखी अगदीच निरर्थक. एलएसडीच्या अमलाखाली ही निरर्थक गाणीही त्यांना अर्थपूर्ण वाटू लागली. आधी केटान्सेरिन नावाचे औषध दिले, तेव्हा मात्र यातले काहीच घडले नाही. केटान्सेरिन मेंदूतले सेरोटोनिनचे ‘२ए’ नावाचे ग्राहक अडवून धरते, आणि एलएसडी काय किंवा मॅजिक मशरूममधले सायलोसिबिन काय, दोहोंचा मुख्य खेळ याच ग्राहकांवर चालतो. ‘हे महत्त्वाचे आहे’ ही जी जाणीव आपण इतकी खासगी मानतो, तीच इथे रसायनाने वाढली आणि रसायनाने रोखली गेली. सायकेडेलिक द्रव्ये एकदा तरी घेऊन पाहावीत का, या वादात हा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण घ्यावीत म्हणणाऱ्यांचा सगळा भर अनुभवाच्या थोरवीवर असतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सायलोसिबिन दिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश लोकांनी हा अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत बसवला. काहींनी त्याची तुलना पहिल्या मुलाच्या जन्माशी केली. ही माणसे खोटे बोलत होती असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या तराजूने त्यांनी वजन केले, त्यालाच द्रव्याने पासंग लावला होता. शिवाय ती आधीपासून प्रार्थना-ध्यानधारणेत थोडीफार रमणारी होती, डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर संगीत घेऊन कोचावर पडलेली होती, शेजारी अनुभवी सोबती होते. एवढी बडदास्त असूनही जवळपास तिसऱ्या हिश्श्याने तीव्र भीती अनुभवली, ही बाब उत्साहाच्या भरात सहसा गाळली जाते.

यावर कोणी म्हणेल, थोरवीचे सोडा, नैराश्य कमी होते त्याचे काय? आक्षेप वजनदार आहे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅम सायलोसिबिन घेतलेल्यांचे गुण सरासरी १२ ने, तर नाममात्र १ मिलिग्रॅम घेतलेल्यांचे ५.४ ने उतरले. बाराव्या आठवड्यापर्यंत सुधारणा टिकलेले मात्र पहिल्या गटात पाचातला एक, दुसऱ्या गटात दहातला एक. फरक आहे, पण कशामुळे? आपल्याला खरे औषध मिळाले की लुटुपुटूचे, हे अशा चाचणीत रुग्णाला बहुधा तासाभरात कळून चुकते. १९६२ च्या गुड फ्रायडेला बोस्टनच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पानके यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसिबिन आणि उरलेल्यांना अंगाची आग करणारे निकोटिनिक आम्ल दिले, पण कोणाला काय मिळाले हे गुपित थोड्याच वेळात फुटले. केटामिन हे वेगळ्या जातीचे द्रव्य असले तरी त्याने हा घोळ सोडवायची वाट दाखवली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नैराश्यग्रस्त ४० रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असतानाच केटामिन किंवा नुसते सलाईन दिले. दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणून सायलोसिबिन कुचकामी ठरत नाही, आणि तसा माझा दावाही नाही. त्याचा उपयोग कदाचित होईल, पण तो रुग्णाला, समुपदेशनासह आणि देखरेखीखाली. कुतूहलापोटी घेऊ पाहणाऱ्या धडधाकट माणसाला या आकडेवारीतून काहीही मिळत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्रिटनसाठी नशेच्या पदार्थांची हानी मोजली, तेव्हा १०० पैकी दारूला ७२ आणि मशरूमला अवघे ६ गुण पडले. आकडे मला मान्य आहेत. दारूला मुभा आणि मशरूमला बंदी यात तर्क थोडकाच. पण दारूपेक्षा बरे, ही काही शिफारस होऊ शकत नाही. चाचण्यांमधली सुरक्षितता निवडक माणसांची असते: स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्यांना तिथे सहसा दारातूनच परत पाठवतात. लिथियमच्या गोळ्या चालू असताना एलएसडी घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. गोव्यातल्या पार्टीत हातावर पडणारा, टपाल तिकिटाहून लहान कागद यातले काहीच विचारत नाही. त्यावर एलएसडीच आहे याचीही खात्री नसते. त्याच्या नावाखाली एनबोम गटातली द्रव्ये विकली गेली आहेत, आणि त्यांनी जीव गेले आहेत. कायद्याचे तर बोलायलाच नको. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली एलएसडीची ०.१ ग्रॅम ही ‘व्यावसायिक’ मात्रा ठरते आणि तिला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. त्या वजनात कागद धरायचा की नाही, यावरही न्यायालयांत वाद झडले आहेत. हाच कायदा वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी मात्र वाट मोकळी ठेवतो. ज्यांना ही द्रव्ये खरोखर मोलाची वाटतात, त्यांनी आपला आग्रह त्या वाटेने रेटावा.