दुखावलेले मन कठीण का होते?

पुण्यातले कर्वेनगर आज गजबजलेले उपनगर आहे. पण १९०० साली हिंगण्याचा हा भाग म्हणजे गावाबाहेरचे माळरान होते आणि पावसाळ्यात तिकडची वाट चिखलाने भरून जाई. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे एक प्राध्यापक ही वाट रोज तुडवीत. शहरात प्लेगची साथ आल्यामुळे त्यांनी आपला विधवांचा आश्रम हिंगण्याला, एका झोपडीत हलवला होता. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे. कर्वेनगर हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

आज त्यांच्या कार्याविषयी नव्हे, तर त्यांच्याविषयी मनात येणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलू.

कर्वे कोकणातल्या मुरुडचे. गावावर त्यांचे इतके प्रेम, की १८८६ साली त्यांनी गावच्या कामासाठी 'मुरुड फंड' सुरू केला. पुढे १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला! त्यांना घरात घेतले तर घरच्यांवरही बहिष्कार पडायचा. जन्मदात्या आईच्या घरी मोकळेपणाने जाता येऊ नये, यापेक्षा मोठा घाव कोणता? असा माणूस कडू होऊन, दार लावून बसला असता, तर आपण त्याला दोष दिला असता का? मी तरी दिला नसता.

मन दार लावून का घेते, हे समजण्यासाठी आपण जरा समुद्रात डोकावू. 'अप्लिसिया' नावाची एक समुद्री गोगलगाय आहे. तिच्या मज्जासंस्थेत फक्त सुमारे वीस हजार पेशी असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी! एरिक कँडेल या शास्त्रज्ञाने तिच्यावर प्रयोग केले. तिच्या अंगाला हळूच स्पर्श केला, की ती कल्ला थोडासा आत ओढून घेते. पण शेपटीला एकदा विजेचा झटका दिला, की नंतर तोच हलका स्पर्शही तिला सोसत नाही. ती कल्ला जोराने आत घेते. एकाच झटक्याचा परिणाम थोडा वेळ टिकतो. झटके काही दिवस पुनःपुन्हा दिले, तर तो कित्येक आठवडे राहतो, कारण पेशींमध्ये नवे जोड तयार होतात. म्हणजे आठवण शरीरातच बांधली जाते. या संशोधनाबद्दल कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

नीट पाहा हं, झटका शेपटीला दिला होता, आणि घाबरवतो आहे तो निरुपद्रवी स्पर्श! माणसातही असेच काहीसे घडते. मैदानावर एका मुलाच्या पाठीत चेंडू लागला. चुकून की मुद्दाम, हे कळायला मार्ग नाही. एक मुलगा हसून चेंडू परत फेकतो, दुसरा मूठ आवळून धावतो. केनेथ डॉज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० साली दाखवले, की भांडखोर मुले अशा संदिग्ध प्रसंगात समोरच्याचा हेतू वाईटच धरून चालतात. पुढे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की लहानपणी मारहाण सोसलेल्या मुलांत हा कल अधिक असतो. ज्याला आपण 'कडक स्वभाव' म्हणतो, तो पुष्कळदा जुन्या झटक्याचा हिशेब असतो. शिक्षकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मग हा कठीणपणा जातो कसा? काळ गेला की जातो, असे म्हणतात. पण ते अर्धेच खरे आहे. कुदळ धरून हाताला पडलेले घट्टे काम थांबवले, की हळूहळू मऊ होतात. मनाचे तसे नाही. दुखावलेला माणूस लोकांना टाळतो, आणि टाळल्यामुळेच 'हे लोक आता तसे वागत नाहीत' हे कळण्याची संधी त्याला मिळत नाही. त्याची भीती खोटी ठरायला प्रसंगच येत नाही!

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दुरून दाखवायचा, आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला. मात्र जुनी भीती अशाने पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवा अनुभव उभा राहतो, इतकेच. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांमध्येही विझलेली सवय काही काळाने आपोआप डोके वर काढी. तेव्हा क्षमा केलेल्या माणसाला मधूनच राग आला, तर ती क्षमा खोटी, असे समजू नका. आणि कोणी अजूनही त्रास देत असेल, तर तिथे सशाचा प्रयोग लागू नाही. तिथे मोठ्या माणसाला सांगून आधी त्रास थांबवायचा.

कर्व्यांच्या मनात काय चालले होते, हे मोजायला आपल्याजवळ यंत्र नाही. पण त्यांनी काय केले, ते दिसते. विवाहाबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. तरी आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करायचा नाही, केवळ शिक्षण द्यायचे, असे ठरवले. त्यामुळे जुन्या वळणाच्या घरांचीही दारे ठोठावता आली, त्यांच्याकडे वर्गणी मागता आली, त्यांच्या मुली आश्रमात येऊ शकल्या. काही सुधारकांना हे धोरण पटले नाही. माझा तर्क असा, की दारोदार जाण्याच्या या कामानेच त्यांचे मन कठीण होऊ दिले नाही. टाळण्याची सोयच उरली नव्हती. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे.

पुढे १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, कर्व्यांनी आणखी एक संस्था काढली आणि पुन्हा पैसे गोळा करायला ते दारोदार फिरू लागले. ही संस्था खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी होती.