नळीतला पीळ

जिम कॉर्बेट वाचलेल्या मराठी वाचकाला ‘रिग्बी’ हे नाव ठाऊक असतं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 साली कॉर्बेटला भेट मिळाली ती .275 रायफल याच पेढीची. पण ही पेढी मुळात लंडनची नव्हे, डब्लिनची. 1775 साली ती तिथे सुरू झाली, पुढे तिचं दुकान सफोक स्ट्रीटवर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची सूत्रं जॉन रिग्बी यांच्याकडे आली. ट्रिनिटी कॉलेजचे पदवीधर, नळ्या घडवणारे कारागीर आणि स्वतः अव्वल नेमबाज. आपण केलेली नळी आपणच हजार यार्डांवर वाजवून बघणारा माणूस कारखानदारीत विरळाच, आणि रिग्बींचं सगळं मोठेपण मला त्यातच दिसतं.

रायफलीच्या नळीला आतून खाचा असतात, आणि त्या पिळाच्या असतात. गोळी त्यांतून जाताना भोवऱ्यासारखी फिरू लागते. खाच किती लांबीत एक पूर्ण फेरा घेते, ते त्या नळीच्या पिळाचं माप. बुटका भोवरा जाळीच्या साध्या झटक्यावर उभा राहतो, उंच भोवऱ्याला मात्र गरागरा फिरवावं लागतं. गोळीचंही तसंच. बोलताना सगळे ‘जड गोळीला जास्त पीळ’ म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो. पीळ ठरतो लांबीवर. नळीचा व्यास ठरलेला असल्यामुळे वजन वाढवायचं तर गोळी लांब करण्यावाचून गत्यंतर नसतं, म्हणून वजनाचं नाव पुढे येतं.

याचा उत्तम दाखला त्याच काळातला आहे. 1853 ची एनफील्ड रायफल .577 व्यासाची, तिचा पीळ 78 इंचांत एक. गोळी 530 ग्रेनची, म्हणजे साधारण 34 ग्रॅम. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी (आपल्या आयटीआयमधला प्रत्येक फिटर ज्यांचे ‘बीएसडब्ल्यू’ आटे पाडतो, तेच हे) वजन तेवढंच ठेवून व्यास .451 वर आणला. गोळी आपोआप लांबली, आणि तिला स्थिर ठेवायला 20 इंचांत एक इतका तंग पीळ द्यावा लागला. 1857 च्या चाचण्यांत या नळीने एनफील्डला पार मागे टाकलं. लांब, सडपातळ गोळी वेग टिकवते आणि वाऱ्याने कमी ढळते. त्या काळी .451 ला ‘स्मॉल बोअर’ म्हणत, आज ते वाचून नवल वाटतं.

रिग्बींच्या स्पर्धेच्या रायफली याच वाटेवरच्या, फक्त व्हिटवर्थची षटकोनी नळी त्यांनी घेतली नाही. डब्लिनकरांचं मैदान होतं डॉलीमाउंटला, उपसागराच्या अगदी काठावर. समुद्रवाऱ्यात हजार यार्डांवर नेम धरणाऱ्याला गोळी लांब का हवी, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

1873 मध्ये आयर्लंडने इंग्लंड-स्कॉटलंडला हरवून एल्को शील्ड पहिल्यांदा जिंकली. त्या उत्साहात मेजर आर्थर लीच यांनी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मधून अमेरिकनांना आव्हान दिलं. 26 सप्टेंबर 1874 रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला सामना झाला. प्रत्येकी सहा नेमबाज. 800, 900 आणि 1000 यार्ड. आयरिश मंडळींकडे रिग्बींच्या तोंडाकडून भरायच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून काडतूस भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. वाद होता गोळी कुठल्या टोकाने भरायची एवढाच. लांब, जड गोळी आणि तंग पीळ दोन्ही बाजूंना मान्य होते. तोंडाकडून भरायचं म्हणजे प्रत्येक बाराला सोहळाच: नळी पुसायची, दारू लांब नळकांड्यातून थेट तळाशी सोडायची, मग कागदात गुंडाळलेली गोळी हलक्या हाताने खाली दाबायची. आयरिश नेमबाज मिल्नर यांचा एक बार बरोबर मध्यभागी बसला, पण शेजारच्या फळीवर. चार गुण गेले. शेवटी अमेरिका 934, आयर्लंड 931.

पुढच्या वर्षी डॉलीमाउंटलाही अमेरिकन जिंकले, तेही मोठ्या फरकाने. लीच यांनी अमेरिकन नेमबाजांना दिलेल्या चांदीच्या चषकासाठी अमेरिकेत अजून हजार यार्डांवर स्पर्धा होते.

हे सगळं झालं तेव्हा पिळाचं सूत्र कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं. ते वुलिचच्या तोफखान्यात शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये दिलं: व्यासाच्या वर्गाला 150 ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. .451 ची गोळी 1.35 इंच लांब धरली तर उत्तर साडेबावीस इंच येतं. व्हिटवर्थ 20 वर जाऊन बसले होते, थोडी राखीव ताकद ठेवून. हात आधी पोचले, गणित मागून आलं.

1887 मध्ये रिग्बींना एनफील्डच्या सरकारी कारखान्याचे प्रमुख नेमलं. 1888 ला फौजेत आली .303: 215 ग्रेनची लांब गोळी, पीळ 10 इंचांत एक. तिच्याच वंशातली ‘थ्री नॉट थ्री’ महाराष्ट्राच्या पोलीस शिपायाच्या खांद्यावर कित्येक दशकं राहिली. डब्लिनचं दुकान 1897 मध्ये बंद झालं.

गणित मात्र तेच आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवलं त्या प्रकारात .22 ची 40 ग्रेनची गोळी वापरतात. तिची लांबी साधारण 0.45 इंच. सूत्रात घाला, 16 च्या थोडं पुढे उत्तर येतं, आणि .22 च्या नळ्यांचा रूढ पीळ 16 इंच.

आयर्लंडमध्ये आज पिळाचा प्रश्न विकलोच्या डोंगरांत हरणांमागे जाणाऱ्यांना पडतो. तिथल्या 1977 च्या नियमांप्रमाणे हरणासाठी गोळी किमान 55 ग्रेनची आणि तोंडाशी ऊर्जा किमान 1,700 फूट-पौंड लागते. .22-250 ही रायफल त्या उंबरठ्यावर बसते. पण तिचा जुना रूढ पीळ 14 इंचांचा. 55 ग्रेन प्रचंड वेगाच्या जोरावर निभावतं. हरणासाठी थोडी जड बरी म्हणून कुणी सत्तरच्या घरातली लांब गोळी घातली, की शंभर यार्डांवर कागद खरं सांगतो: गोल भोकाऐवजी आडवी फाट, गोळीच्या कुशीच्या आकाराची. गोळी कोलांट्या खात गेलेली असते. जिवंत जनावरावर असा बार टाकणं हा गुन्हाच आहे, मग कायदा काहीही म्हणो. 8 इंचांचा पीळ असलेल्या नळीतून तीच गोळी सरळ जाते.

आपली नळी किती पिळाची, हे डब्यावर शोधू नये. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून घ्यावी. सफाईच्या दांड्याला घट्ट चिंधी लावून ती नळीत सारावी. दांडा मुठीत मोकळा फिरू द्यावा. त्याच्यावर पेन्सिलीची खूण करावी आणि हळूहळू ओढावा. खूण पूर्ण फिरून पुन्हा वर आली, की किती इंच दांडा बाहेर आला ते पट्टीने मोजावं. चौदा आले, तर लांब गोळ्यांची पेटी फडताळात परत ठेवावी.