उभ्या गाडीची बॅटरी कां उतरते?

भाताची लावणी आटोपली कीं टिटवाळा व काळू नदीच्या कांठच्या गांवांतून कित्येक गाड्या दिवसेंदिवस जागच्या हलत नाहींत. मग एखाद्या पहाटे भाजी कल्याणच्या बाजारांत न्यावयाची असते, किंवा घरांतील आजारी माणसास रुग्णालयांत पोंचवावयाचें असतें, आणि किल्ली फिरवितांच नुसती टकटक ऐकूं येते. अशा वेळीं जुनी बॅटरी टाकून नवी आणण्याचा प्रघात आहे. परंतु दोष गाडींत असेल तर नवी बॅटरीही तशीच उतरते व पैसा व्यर्थ जातो. म्हणून खर्चापूर्वीं परीक्षा करावी.

खांचरांतील पाणी रात्रींत उतरलें तर जाणता शेतकरी पावसास दोष देत नाहीं. बांधास खेंकड्यानें भोंक कोठें पाडलें तें तो पाहतो. येथेंही तोच न्याय लावावा. गाडी बंद असतांही घड्याळ, कुलुपाची यंत्रणा वगैरेंस थोडी वीज लागते. ती ५० मिलिअँपिअरच्या आंत असावी. ६० अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या गळतीनें रिकामी होण्यास ५० दिवस लागतात. परंतु ५ वॅटचा एक दिवा चालूं राहिला तर सहा दिवसांत ती संपते. इंजिन सुरू होण्यास बरीच वीज लागत असल्यानें गाडी त्यापूर्वींच अडते.

पहिली परीक्षा बिनखर्चाची आहे. बॅटरी पूर्ण भारून घ्यावी व तिच्या ऋण टोंकाची तार काढून दोन-तीन रात्री ठेवावी. तरीही ती उतरली तर दोष बॅटरींतच आहे. ती टिकली, पण तार जोडून ठेवतांच पुनः उतरली, तर गळती गाडींत आहे असें समजावें. मीटर असल्यास विश्रांतीनंतर दाब पाहावा : १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें अर्धी, व १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी.

गळती शोधण्यासाठीं मीटर १० अँपिअरच्या मापावर ठेवून ऋण टोंक व काढलेली तार यांच्यामध्यें जोडावा. नव्या गाड्यांतील यंत्रणा निजण्यास अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढें थांबावें. मीटर जोडलेला असतां किल्ली कदापि फिरवूं नये; मीटरचा फ्यूज जळेल. नंतर एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढतांच प्रवाह एकदम घटतो, त्याच वाटेवर दोष आहे. बहुधा मागाहून बसविलेलें गाण्याचें यंत्र, भोंग्याची यंत्रणा किंवा सामानाच्या कप्प्यांतील दिवा अपराधी निघतो. एकाही फ्यूजनें फरक पडला नाहीं, तर अल्टरनेटरमधील डायोड कुशल कारागिराकडून तपासून घ्यावे.

आपल्याकडील पावसाळ्यांत आणखी एक वाट असते. बॅटरीच्या माथ्यावर ओल व मळ सांचला कीं दोन टोंकांमध्यें त्यावरूनच वीज झिरपते. तारा काढून माथा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावा, मात्र तें पाणी झांकणांतून आंत जाऊं देऊं नये. मग कोरडा करावा. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विडी वा ठिणगी नको. तार काढतांना ऋण टोंक आधीं सोडावें व जोडतांना शेवटीं जोडावें.

उतरलेली बॅटरी तशीच पडूं दिल्यास शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, आणि मग ती पुनः पूर्ण भारली जात नाहीं. पांच मिनिटें इंजिन उभ्याउभ्या चालविल्यानें झीज भरून येत नाहीं; आठवड्यांतून एकदां गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी. तें शक्य नसेल तर ऋण तार काढून ठेवावी. बी-बियाणें पेरण्यापूर्वीं आपण पारखून घेतों; बॅटरी विकत घेण्यापूर्वीं एक रात्र परीक्षेस देणें तितकेंच आवश्यक आहे.