गावाची वीज आणि गल्लीचा फ्यूज

आमच्या सातपूरच्या शेजारी एका मावशींच्या छातीत गाठ निघाली. तपासणीत कर्करोग ठरला. शस्त्रक्रियेचे नाव काढताच मावशी म्हणाल्या, "गाठीचं भ्या न्हाई बाबा, पण भूल दिली अन् मी उठलेच नाही तर?" त्यांना जुना दमा. या भीतीत दोन महिने गेले. गाठ का कुणासाठी थांबते? मी डॉक्टर नव्हे. वाचले, विचारले ते सांगतो.

पूर्ण भूल म्हणजे साऱ्या गावाची वीज घालवणे. मेंदू झोपतो, श्वासासाठी बहुधा नळी घालतात. आज ती पुष्कळ सुरक्षित झाली आहे, हे आधी सांगून टाकतो. पण एकाच गल्लीचा फ्यूजही काढता येतो. स्तनाची बरीचशी संवेदना दुसऱ्या ते सहाव्या फासळीलगतच्या नसांतून जाते. त्या मणक्याशेजारी बाहेर पडतात तिथे, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत, औषध सोडतात. दात काढताना हिरडीत टोचतात, त्याच जातीचे. मग दुखण्याचा निरोप वर पोचतच नाही. सोबत हलकी गुंगी देतात. श्वास रोग्याचा रोगी घेतो. नंतर वेदना व ओकारी कमी. हृदय किंवा फुप्फुस दुबळे असणाऱ्यांना हा मोठाच आधार. मात्र काखेचा भाग कधी पुरता बधिर होत नाही, आणि क्वचित सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागते. म्हणून पुष्कळदा दोन्ही भुली जोडीने देतात.

अशा भुलीने कर्करोग परत येत नाही, असेही कोणी सांगतात. ते खरे ठरले नाही. 2019 साली अनेक देशांतल्या 2108 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली; रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे शेकडा 10 च निघाले.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी वेगळेच केले. सुमारे 1600 स्त्रियांना पूर्ण भूल होतीच. निम्म्यांना, गाठ काढण्यापूर्वी 7 ते 10 मिनिटे, गाठीभोवती लिडोकेन टोचले. पाच वर्षांनी त्यांतल्या शेकडा 90 हयात होत्या, न टोचलेल्यांत 86. हे 2023 साली प्रसिद्ध झाले. औषध तर किती स्वस्त!

मावशींना अखेर भुलीच्या डॉक्टरांकडे नेले. दमा, रक्त पातळ करणारी गोळी, मागे कधी भूल घेतली असेल तर तिचा कागद, हे सारे तिथे सांगावे, दाखवावे. आणि फक्त भाग बधिर करून चालेल का, हे बेलाशक विचारावे.