मूठ वळेना? दांडी जाड करा

आमवातात सांध्यांच्या अस्तराला सूज येते. रात्रभर हालचाल नसल्याने सकाळी बोटं तासतासभर वळत नाहीत. नेमकी तीच वेळ दात घासायची! ब्रशची दांडी बारीक, ती धरायला मूठ पूर्ण मिटावी लागते. दांडी जाड केली की अर्धी मूठही पुरते. सायकलच्या हँडलची रबरी ग्रिप ब्रशवर चढवा, आत चिंधी ठासा, कोपर बेसिनच्या कडेला टेकवा. स्वित्झर्लंडमध्ये १९५४ साली विजेवरचा ब्रश निघाला, तोही हात नीट न चालणाऱ्यांचा विचार करूनच. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी आज्या ब्रशऐवजी बोटाने मशेरीच लावतात. ती भाजलेली तंबाखू आहे, तिने तोंडाचा कर्करोग होतो. आजीला आधी जाड दांडीचा, मऊ केसांचा ब्रश द्या. पेस्ट तुम्ही लावून द्या.